क्रेफिश, झिंगा आणि करगा : जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाची गोष्ट

मागचे बरेच भाग आपण किल्ले, तह आणि पलटणी यांच्यात घालवले. आज विषय एकदम वेगळा आहे. कॉलेजात पहिल्या वर्षाला जीवशास्त्र शिकवतात ना, बेडूक, गांडूळ, झिंगा, वाटाणा, त्या अभ्यासक्रमाचा इतिहास. हा निवृत्त फौजी जीवशास्त्रात कशाला घुसतोय, असं कोणी म्हणेल. एक तर मी स्वतः जुना बीएस्सीवाला. आणि दुसरं, या गोष्टीची सुरुवातच एका फौजी डॉक्टरपासून होते. हां, तो नौदलातला होता, तेवढं चालवून घ्या.

टॉमस हेन्री हक्सली हे नाव डार्विनचा पाठीराखा म्हणून आपण ऐकलेलं असतं. तरुणपणी तो ब्रिटिश नौदलात साहाय्यक सर्जन होता आणि ‘रॅटलस्नेक’ नावाच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांची सफर करून आला होता. जहाजावर एक सूक्ष्मदर्शक, समुद्रातून ओढून काढलेले जीव, आणि समजावून सांगायला कोणी नाही. स्वतः बघायचं, स्वतः कापायचं, स्वतः चित्र काढायचं. ही सवय त्याने पुढे वर्गात आणली. १८७१ साली लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनला त्याने शाळामास्तरांसाठी उन्हाळी वर्ग घेतला. सकाळी व्याख्यान, आणि लगेच टेबलापाशी बसून तोच जीव हातात. १८७५ मध्ये एच. एन. मार्टिन या सहकाऱ्याबरोबर त्याने या पद्धतीचं पुस्तक काढलं. त्यात यीस्टपासून सुरुवात, मग अमीबा, बुरशी, नेचा, घेवड्याचं झाड, हायड्रा, शिंपला, क्रेफिश आणि शेवटी बेडूक. तोपर्यंत वनस्पती एका खोलीत आणि प्राणी दुसऱ्या खोलीत असत. हक्सलीने दोन्ही एकाच टेबलावर आणले. एकेका गटाचा एकेक प्रतिनिधी घ्यायचा आणि तो कसून शिकायचा, ही ती कल्पना. आजही कोणत्याही विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचा आराखडा उघडा, ही हाडं आत दिसतील.

पद्धत उत्तम होती. गडबड झाली ती तिने समुद्र ओलांडला तेव्हा.

हक्सलीने १८८० मध्ये एक अख्खं पुस्तक केवळ क्रेफिशवर लिहिलं. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, छोट्या लॉबस्टरसारखा नांग्यांचा प्राणी. एका प्राण्याच्या आधाराने सगळं प्राणिशास्त्र शिकवता येतं, हे त्याला दाखवायचं होतं, आणि त्याने ते दाखवलंही. इंग्लंडातल्या विद्यार्थ्याला हा प्राणी ओढ्यात सापडायचा. पण मंडळी, भारतातल्या नद्यांत क्रेफिश मुळातच नाही! गंगेत नाही, गोदावरीत नाही, आमच्या महानदीत नाही. म्हणजे कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या मुलाने ज्याच्यावर परीक्षा द्यायची तो प्राणी एक तर बरणीत, नाहीतर पुस्तकातल्या चित्रात.

गांडुळाचं प्रकरण तर याहून मजेशीर. क्रेफिश नव्हताच, त्यामुळे निदान घोटाळा नव्हता. गांडूळ मात्र होतं, फक्त वेगळं. इंग्रजी पुस्तकातलं गांडूळ म्हणजे लुंब्रिकस. त्याच्या अंगावरचा जाड पट्टा, क्लायटेलम, बत्तिसाव्या ते सदतिसाव्या वलयावर. प्रत्येक वलयाला आठ बारीक काटे, जोडीजोडीने लावलेले. आपल्याकडे पावसाळ्यात अंगणात निघतं ते फेरेटिमा. त्याचा पट्टा चौदाव्या ते सोळाव्या वलयावर, आणि काटे वलयाभोवती बांगडीसारखे गोल. आता विचार करा, समोर तबकात फेरेटिमा, हातात लुंब्रिकसचं पुस्तक. मुलाने मोजायचं काय आणि लिहायचं काय? फौजेत नकाशावाचन शिकवताना पहिल्याच दिवशी सांगतात की नकाशा आणि जमीन जुळत नसतील तर जमीन बरोबर धरा. कॉलेजात नेमकं उलटं होतं. मार्क नकाशाला मिळायचे.

ही गाठ सोडवली ती कर्म नारायण बहल यांनी. लखनौ विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९१९ मध्ये फेरेटिमाच्या उत्सर्जन नळ्यांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लुंब्रिकसमध्ये प्रत्येक वलयातली नळीची जोडी शरीराबाहेर उघडते आणि घाण बाहेर टाकते. बहलना दिसलं की फेरेटिमात असंख्य बारीक नळ्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा बाहेर न उघडता आतड्यात उघडतात. याचा उपयोग काय? त्यांचं म्हणणं असं की यामुळे पाणी वाचतं. टाकाऊ द्रव आतड्यात गेला तर त्यातलं पाणी अंगात परत शोषता येतं. आठ महिने तापणाऱ्या जमिनीत राहणाऱ्या प्राण्याला हे लागणारच. इंग्लंडच्या ओलसर हिरवळीत राहणाऱ्या गांडुळाला अशी काटकसर कशाला हवी? म्हणजे बघा, इकडचं गांडूळ हे तिकडच्या गांडुळाची बिघडलेली नक्कल नव्हतं. ते स्वतःच्या हवामानाचं उत्तर होतं.

एवढ्यावर बहल थांबले नाहीत. शोधनिबंध चार विद्वान वाचतात, पहिल्या वर्षाच्या मुलाला पुस्तक लागतं. त्यांनी ‘इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स’ ही पुस्तकमाला सुरू केली. एक पुस्तक, एक भारतीय प्राणी, सगळी चित्रं प्रत्यक्ष कापून काढलेली. १९२६ मध्ये पहिला क्रमांक आला तो ‘फेरेटिमा’, त्यांचाच. मग १९२८ मध्ये ई. एम. थिल्लयमपलम या बाईंनी आपल्या समुद्रातल्या छोट्या मुशीवर, स्कॉलिओडॉनवर लिहिलं. १९३२ मध्ये बैनी प्रसाद यांनी पायलावर, म्हणजे तळ्यातल्या मोठ्या गोल गोगलगाईवर. रायपूर हे तळ्यांचं गाव. बूढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा ही नावं तुम्ही ऐकली असतील. इथे या गोगलगाईला घोंघी म्हणतात आणि लोक ती शिजवून खातात. शास्त्रीय नाव तेवढं नंतर आलं.

आणि १९३७ मध्ये आला सहावा क्रमांक, ‘पॅलिमॉन’. भारतीय नदीतला झिंगा. लेखक एस. एस. पटवर्धन, नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकवणारे.

इथे जरा थांबतो, कारण हे आपल्या घरचं प्रकरण आहे. नागपूरचं हे कॉलेज १९०६ मध्ये व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स म्हणून सुरू झालं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. त्या काळी रायपूर मध्य प्रांतात, आणि मध्य प्रांताची राजधानी नागपूर. भोसल्यांच्या काळापासून इकडचा रस्ता नागपूरला जायचा आणि शिक्षणाचाही तोच होता. छत्तीसगड कॉलेज, या भागातलं पहिलं कॉलेज, १९३८ मध्ये निघालं. रायपूरचं सायन्स कॉलेज १९४८ चं. तोवर सागर विद्यापीठ झालं होतं, तेव्हा इकडची कॉलेजं सागरकडे गेली, आणि १९६४ मध्ये रविशंकर विद्यापीठ झाल्यावर घरी आली. त्याआधी ज्याला विज्ञान शिकायचं त्याने वळकटी बांधायची आणि नागपूरची गाडी धरायची. तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत आजही कोणाचे तरी आजोबा ‘नागपूरला शिकायला होते’.

तर त्या नागपुरात १९३० च्या दशकात प्राणिशास्त्राची एक छोटी पण कामाची शाखा उभी राहिली होती. एम. ए. मोघे पक्ष्यांच्या पोटातल्या पट्टकृमींवर काम करत होते. पटवर्धनांनी धरलं झिंग्याचं पोट. खरंच, पोटच! क्रेफिशच्या जठरात चक्क जातं असतं. कठीण दातांचे तुकडे, स्नायूंनी हलणारे, आणि त्यांत अन्न दळलं जातं. हक्सलीच्या पुस्तकामुळे ही गोष्ट जगभरच्या विद्यार्थ्यांना पाठ होती. पटवर्धनांनी १९३५ मध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात, अकॅडमी जेमतेम वर्षभराची असताना, खेकडे, झिंगे आणि त्यांच्या भाऊबंदांच्या पोटातल्या या जात्यावर निबंधांची मालिकाच लिहिली. नदीतल्या झिंग्यात हे जातं जवळजवळ नाहीच. तिथे केसांची फणी असलेल्या पट्ट्या आहेत, चाळणीसारख्या. मग दळतो कुठे? तोंडातच. त्याचे जबडे दणकट असतात आणि चावण्याचं काम ते आधीच उरकतात. पोटाने फक्त गाळायचं.

म्हणजे क्रेफिशचं पुस्तक समोर ठेवून झिंगा कापला, तर मुलगा जातं शोधत बसणार आणि ते सापडणार नाही. मग तो ठरवणार की आपलाच हात चुकला. पटवर्धनांच्या पुस्तकानंतर त्याला सांगता आलं की हात बरोबर आहे, प्राणी वेगळा आहे. मी याला लहान गोष्ट मानत नाही.

१९८० च्या आसपास मी विदर्भातल्या एका कॉलेजात पॅलिमॉनच्या एकोणीस जोड्या उपांगांचा तक्ता कार्डावर चिकटवला होता. डिंक, काळा कागद, खाली सुबक अक्षरात नावं. त्या तक्त्यामागे पटवर्धन नावाचा माणूस आहे, तोही सव्वाशे किलोमीटरवरच्या नागपूरचा, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. मला ते कळलं निवृत्तीनंतर. आपल्याकडे पाठ्यपुस्तकातल्या ज्ञानाला लेखक नसतो, ते जणू आभाळातून पडतं.

वनस्पतींच्या बाजूला असंच काही घडत होतं. लॉसन यांच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाची भारतीय आवृत्ती तयार करण्यात बिरबल सहानींचा हात होता, तेही केंब्रिजमध्ये असताना. उदाहरणं इंग्रजी कुरणातली काढायची आणि इकडच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यासमोरची घालायची. आमचे मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर तर याहून निराळे. मुंबईत शिकलेले, सह्याद्रीत भटकणारे. त्यांना घाटातल्या गोड्या पाण्यात जेलीफिश सापडला. १९११ च्या सुमाराची गोष्ट. या प्रकारचा जेलीफिश तोवर आफ्रिकेच्या सरोवरांतून माहीत होता, त्यामुळे तिकडच्या शास्त्रज्ञांनी डोळे चोळले. हेच आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, पहिल्या महायुद्धात जर्मनीत अडकून पडले, आणि १९४६ मध्ये पुण्यात त्यांनी जी संस्था उभी केली ती आज त्यांच्या नावाने चालते. त्यांच्यावर एक भाग वेगळा करू.

प्राणी बदलले, झाडं बदलली. राहिला तो उत्क्रांतीचा धडा. तिथे अजून इंग्लंडच आहे. बारावीच्या पुस्तकात धुराने काळवंडलेल्या झाडांवरचे काळे आणि पांढरे पतंग येतात, गॅलापागोसच्या फिंच येतात. कॉलेजात तेच जरा विस्ताराने. पतंग चांगलाच आहे, माझं भांडण नाही. पण त्याच तोडीचा, किंबहुना जास्त चटकदार पुरावा रायपूरच्या भाताच्या शेतात उभा होता आणि जगाच्या शास्त्रीय लिखाणात तो गेलेलाही आहे. इथल्या पहिल्या वर्षाच्या जेवढ्या वह्या आणि पुस्तकं मी शेजारच्या मुलांकडून मागून चाळली, त्यांत मला तो दिसला नाही.

त्याचं नाव करगा. भंडारा-गोंदियाकडचे ऐकणारे असतील त्यांना चटकन कळेल. करगा म्हणजे रानटी भात. पेरलेल्या भाताचाच सख्खा नातेवाईक, आगंतुक. छत्तीसगडात पूर्वी रोवणी कमी आणि फेकून पेरणी जास्त. पाऊस पडला की बी फेकायचं, महिनाभराने शेतात वीतभर पाणी साचलं की उभ्या पिकातूनच हलका नांगर फिरवायचा. याला बियासी म्हणतात. गवत मरतं, भात विरळ होतो आणि जोमाने फुटतो. फार हुशारीची पद्धत. पण करगा भातासारखाच दिसतो, अगदी लोंबी येईपर्यंत. निंदायला बसलेल्या बाईला रोप ओळखूच येत नाही. आणि लोंबी आली की करग्याचे दाणे कापणीआधीच गळून चिखलात जातात, पुढच्या वर्षी उगवायला. शेतकऱ्याने राबायचं आणि करग्याने पेरायचं, असा हिशोब.

यावर उपाय निघाला जांभळ्या पानांच्या भाताचा. असा वाण पेरा की ज्याचं रोपच जांभळं असेल. मग निंदताना जे हिरवं दिसेल ते उपटा. शाळेतलं पोरही करेल. मध्य प्रांताच्या शेतीखात्यातले बी. बी. दवे यांनी १९४३ मध्ये ‘मध्य प्रांतातला रानटी भाताचा प्रश्न आणि त्याचं उत्तर’ अशा आशयाचा निबंध लिहिला, त्यात या सगळ्याची चर्चा आहे.

आता खरी मजा. भात बहुतेक स्वतःचंच परागण करतो, पण थोडाफार संकर होतोच. जांभळ्या भाताचं पराग करग्यावर पडलं, त्यातून निघालेल्या काही रोपांची पानं जांभळी. निंदणाऱ्या हातांनी हिरवा करगा वेचून वेचून काढला आणि जांभळा करगा मात्र पीक समजून सोडला. दर पावसाळ्यात हेच. काही वर्षांनी पाहावं तर करगाही जांभळा! शेतकऱ्याने ज्या खुणेवर भरवसा ठेवला तीच खूण शत्रूने अंगावर चढवली. फौजी भाषेत सांगायचं तर गणवेश चोरला. मग डाव उलटायचा, म्हणजे पुन्हा हिरवा वाण पेरायचा आणि जांभळं उपटायचं.

यात काय काय आलं बघा. भिन्नता आली, आनुवंशिकता आली, संकर आला, निवड आली. निवड करणारा पक्षी नाही, हवामान नाही, निंदणाऱ्या बाईची बोटं आहेत. करग्याला अक्कल नव्हती, त्याने काही ठरवलं नव्हतं, तरी तो बदलला. ‘नैसर्गिक निवड म्हणजे प्राणी गरजेप्रमाणे स्वतःला बदलतात’ असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्या मुलाला एकदा हा करगा समजावून सांगा. पुढे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने याच कामासाठी जांभळ्या पानांचा ‘श्यामला’ हा वाण काढला, म्हणजे ही केवळ ब्रिटिश काळची आठवण नाही.

याच विद्यापीठात आणखी एक खजिना आहे. डॉ. आर. एच. रिछारिया कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. १९६० च्या दशकात बाहेरून बुटके वाण आणण्याच्या घाईला, त्यांच्याबरोबर रोग येतील म्हणून, त्यांनी विरोध केला आणि त्यांना पद सोडावं लागलं. १९७१ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने त्यांना रायपुरात भात संशोधन संस्था उभारायला दिली. तुटपुंज्या पैशांत, मोजक्या माणसांनिशी त्यांनी गावोगाव फिरून देशी भाताचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. दुबराज, जवाफूल, विष्णुभोग, सफरी, गुरमटिया, एकेक नाव म्हणजे एकेका गावाची चव. इथला शेतकरी जमिनीचेही चार प्रकार सांगतो, भाठा, मटासी, डोरसा, कन्हार, मुरमाड माळापासून काळ्या जमिनीपर्यंत, आणि कोणत्या जमिनीत कोणता भात हे त्याला पाठ असतं. ती संस्था १९७० च्या दशकाच्या शेवटी बंद केली गेली. नमुने मात्र टिकले आणि १९८७ मध्ये कृषी विश्वविद्यालय झाल्यावर त्याच्याकडे आले. आज तिथे भाताचे २३ हजारांहून जास्त नमुने आहेत. २००२ मध्ये सिंजेंटा या परदेशी बियाणे कंपनीबरोबर कराराची बातमी फुटली तेव्हा रायपुरात शेतकरी आणि कार्यकर्ते रस्त्यावर आले, आणि वर्ष संपायच्या आत कंपनीने माघार घेतली. रिछारिया १९९६ मध्येच गेले होते.

त्या आंदोलनात मला एक गोष्ट खटकते ती सांगतो. नमुने कोणाचे यावर भरपूर बोललं गेलं, आणि बोलायलाच हवं होतं. पण त्या नमुन्यांवर शिकणार कोण, यावर कोणी बोललं नाही. कृषीचे विद्यार्थी शिकतात, ठीक. साध्या बीएस्सीच्या मुलाला जनुकांचा धडा वाटाण्यावर सुरू होतो आणि संपतो. वाटाणा ऑस्ट्रियातल्या मठातला. जाता जाता, जनुकांच्या लिपीचं कोडं सोडवणारे हरगोविंद खुराना रायपूरचे, असं इथे बरेच जण अभिमानाने सांगतात. ते रायपूरचे खरे, पण पंजाबातल्या, आता पाकिस्तानात गेलेल्या रायपूर नावाच्या खेड्यातले. आपल्या रायपूरला मिरवायचं तर तेवीस हजार भात आहेत की!

बेडकाचं काय झालं, हेही सांगतो. विच्छेदनासाठी लाखो बेडूक जायचे, त्यात भर परदेशी जाणाऱ्या तंगड्यांची. निर्यात १९८७ मध्ये बंद झाली. यूजीसीने २०११ पासून प्राण्यांचं विच्छेदन कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते बंदच केलं. मला हे पटतं. दर वर्षी तेच बेडूक कापून तीच चित्रं काढण्यात हक्सलीचं काही उरलं नव्हतं, उरला होता फक्त क्लोरोफॉर्मचा वास. पण कापणं बंद झालं तसं बऱ्याच ठिकाणी बघणंही बंद झालं. संगणकावर बेडूक उघडतो आणि मिटतो. बहलांचं गांडूळ पावसात अंगणात येतं, पटवर्धनांचा झिंगा बाजारात टोपलीत असतो, घोंघी तळ्याच्या काठाला चिकटलेली असते. यांतलं काहीही मारावं लागत नाही. झिंगा तर आधीच मेलेला असतो, घरी नेऊन कढईत टाकण्याआधी त्याच्या पायांच्या जोड्या मोजायला पाच मिनिटं लागतात.

करगा मात्र शोधावा लागेल. रोवणी आणि तणनाशकं वाढली तशी जुन्या बियासीची शेतं कमी होत चालली आहेत. बघायचाच असेल तर दसऱ्याच्या आसपास शहराबाहेर एखाद्या फेकून पेरलेल्या शेताच्या धुऱ्यावर उभे राहा. पिकापेक्षा जरा उंच, लोंबीला लांब कुसळं, आणि बोट लावलं की दाणे टपटप खाली. आधी शेतमालकाला विचारा, तो तुम्हाला करग्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त सांगेल, आणि थोड्या शिव्याही घालेल. करग्याला.